सीट अडकली, जीव जडला

टस्कनीतल्या गायोले इन किआंती या चिमुकल्या गावात ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक जत्रा भरते. पहाटेच्या अंधारात लोकरीच्या जर्सी घातलेली, चामडी शिरस्त्राणं चढवलेली, काही तर मुद्दाम मिशांना पीळ भरलेली हजारो माणसं जुन्या सायकली घेऊन रस्त्याला लागतात. पहिलं कोण आलं, याला तिथे कवडीची किंमत नाही. सायकल मात्र १९८७ पर्यंतचीच हवी. गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा हँडलवरून हवेत कमान काढत गेलेल्या हव्यात आणि पॅडलला पाय जखडायला धातूची कडी नि चामडी पट्टा हवा. भंगारवाला ज्या गोष्टी दाखवून भाव पाडतो, त्या इथे प्रवेशाच्या अटी!

या जत्रेचं नाव लेरोइका. जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थांनी १९९७ मध्ये ती सुरू केली तेव्हा जेमतेम ९२ जण आले होते. मूळ हेतू सायकलींचा नव्हता, रस्त्यांचा होता. टस्कनीतले पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते एकेक करून डांबराखाली गडप व्हायला लागले होते, ते वाचवायचे होते. रस्ते वाचले, जत्रा वाढली आणि २००७ पासून त्याच धुळीतून व्यावसायिकांची शर्यतही धावू लागली. सियेनाच्या भव्य चौकात संपणारी ही ‘स्त्रादे ब्यांके’ आज जगातल्या लाडक्या शर्यतींपैकी एक आहे. डांबर न टाकल्यामुळे गावाचा फायदा झाला, अशी उदाहरणं फार नसतात.

लेरोइकाचा सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा. वाटेत पाकिटातलं जेल चोखायचं नाही. शिळा पाव आणि घेवड्याचं दाट सूप, सलामी, आणि वाइनमध्ये भिजवून वर साखर भुरभुरलेला पाव. वाइनही ग्लासातून मिळते. परतीच्या चढाला तिचा हिशेब चुकता करावा लागतो, हा भाग वेगळा.

पहिल्या विजेत्याला काय वाटलं?

इटलीची राष्ट्रीय सायकल शर्यत ‘जिरो’ १३ मे १९०९ रोजी मिलानमधून सुटली. वेळ पहाटे २ वाजून ५३ मिनिटं. १२७ जण निघाले, ४९ जण शेवटपर्यंत टिकले. जिंकला लुइजी गान्ना. हा पेशाने गवंडी. कामावर जाण्यायेण्यासाठी रोज मैलोन्‌मैल सायकल हाणून त्याचे पाय तयार झालेले. देशाचा पहिला विजेता म्हणून पत्रकारांनी विचारलं, आता काय वाटतंय? गड्याने लोंबार्दीच्या बोलीत उत्तर दिलं, की बूड पेटलंय!

विजेत्यांच्या मुलाखतींत यापेक्षा प्रामाणिक वाक्य अजून कुणी बोललेलं नाही. गान्नाने पुढे स्वतःच्या नावाने सायकली काढल्या. त्या गान्ना सायकली आज संग्राहक शोधत फिरतात आणि सापडली की आधी सीट बदलतात.

शेवटून पहिला

१९४६ ते १९५१ या काळात जिरोत सर्वांत शेवटी असलेल्या स्पर्धकाला काळी जर्सी मिळायची. बरोबर बक्षीस आणि प्रसिद्धीही. झालं, शेवटचा नंबर पटकावण्यासाठी चुरस सुरू झाली. लुइजी मालाब्रोका या बहाद्दराने ती १९४६ आणि १९४७ अशी लागोपाठ दोनदा पटकावली. वेळ घालवायला तो गोठ्यात लपायचा, दारूच्या गुत्त्यात बसायचा, एकदा तर पाण्याच्या टाकीत दडून बसला म्हणतात. १९४९ मध्ये सान्ते कारोल्लो नावाच्या प्रतिस्पर्ध्यावर मात करण्यासाठी त्याने शेवटच्या दिवशी इतका उशीर केला, की वेळ मोजणारे कंटाळून घरी गेले आणि त्याला मुख्य घोळक्याचीच वेळ देऊन टाकली. काळी जर्सी गेली! उशिराने पोहोचण्याची कला अति केली की अंगाशी येते ती अशी.

१९५१ मध्ये ही शेवटची काळी जर्सी मिळाली जोव्हान्नी पिनारेल्लोला. पुढच्या वर्षी त्याच्या संघाने त्याला १,००,००० लिरा देऊ केले. कशाबद्दल? जिरोत भाग न घेण्याबद्दल. त्याची जागा पास्क्वालिनो फोर्नारा या चांगल्या चढवय्याला हवी होती. पिनारेल्लोने पैसे घेतले, त्रेव्हिझोला आला आणि सायकलचं दुकान थाटलं. १९८८ मध्ये पेद्रो देल्गादोने टूर द फ्रान्स जिंकली ती पिनारेल्लो सायकलवर. शर्यतीत शेवटचा आलेला आणि पुढच्या खेपेला पैसे देऊन बाहेर काढलेला माणूस, आणि त्याच्या नावाच्या सायकली पहिल्या नंबरावर. पिनारेल्लोच्या जुन्या पोलादी फ्रेमची किंमत ऐकून छातीत धस्स झालं, तर या १,००,००० लिरांचीही आठवण काढावी.

गोठलेली बोटं आणि बाटलीचं बूच

जुन्या इटालियन सायकलीवर ‘काम्पान्योलो’ हे नाव नसेल तर शौकिनांच्या भुवया वर जातात. तुल्लिओ काम्पान्योलो हा विचेन्झा गावचा रेसर. दंतकथा अशी, की १९२० च्या दशकात क्रोचे दाउने नावाच्या खिंडीत बर्फात त्याची बोटं इतकी गोठली की मागच्या चाकाची पंखवाली चाकी त्याला सोडवेना. त्या काळी गिअर बदलायचा म्हणजे चाक काढून उलटं बसवायचं. शर्यत हातची गेली आणि तो बोलीत पुटपुटला, की मागच्या बाजूला काहीतरी बदललं पाहिजे. त्यातून एका खटक्यात चाक सुटणारा क्विक रिलीज आला. १९३३ मध्ये कंपनी उभी राहिली.

काही इतिहासकारांनी या कथेच्या तपशिलांवर शंका घेतल्या आहेत. त्यांचं असेलही बरोबर, पण त्या खिंडीत तुल्लिओचं स्मारक आहे. आणि क्विक रिलीज आज साध्यासुध्या गिअरच्या सायकलीलाही असतो, तो पुरावा काय कमी आहे?

खरी धमाल आहे ती १९४० च्या दशकातल्या त्याच्या ‘कांब्यो कोर्सा’ नावाच्या गिअरची. सीटमागे दोन लांब दांडे. गिअर बदलायचा तर चालत्या सायकलीवरून हात मागे न्यायचा, पहिल्या दांड्याने मागचं चाक ढिलं करायचं, पॅडल उलटं फिरवायचं, दुसऱ्या दांड्याने चेन सरकवायची आणि मग चाक पुन्हा आवळायचं. पुन्हा वाचा: चालत्या सायकलीचं मागचं चाक ढिलं करायचं! जीनो बार्ताली १९४८ ची टूर द फ्रान्स याच यंत्रावर जिंकला. त्याआधी तो ती जिंकला होता १९३८ मध्ये. मधली बरीच वर्षं महायुद्धाने खाल्ली.

आणि हो, काम्पान्योलोने १९६० च्या दशकात बुचाची बाटली उघडायचा एक भलाथोरला स्क्रू बनवला. दोन पंख, चकचकीत धातू, वजनाने दणदणीत. तो अजूनही मिळतो आणि एखाद्या साध्या सायकलीच्या सुट्या भागांना लाजवेल अशा किमतीला मिळतो. घेणारे घेतात. कपाटात सायकलचं सामान, टेबलावर बाटली. दोन्हीकडे एकच सही.

खुर्ची आधी की सायकल?

मार्सेल ब्रॉयर या नावाजलेल्या रचनाकाराला १९२५ च्या सुमारास वाकवलेल्या पोलादी नळीची खुर्ची सुचली ती त्याच्या सायकलच्या हँडलवरून, असं सांगितलं जातं. पुढे इटलीत अशा नळीच्या खुर्च्या कोणी बनवाव्यात? मिलानच्या आंजेलो लुइजी कोलोंबोने. १९१९ ला सुरू झालेला त्याचा नळ्यांचा कारखाना म्हणजेच पुढचा ‘कोलुंबुस’. जुन्या सायकलीच्या फ्रेमवर कबुतराचं छोटं चिकटचित्र दिसलं की शौकीन ज्याला हात लावून नमस्कार करतात, तोच.

या नळीची करामत समजून घेण्यासारखी आहे. कोलुंबुसच्या ‘एसएल’ नळीची भिंत टोकांना ०.९ मिलिमीटर जाड आणि मध्ये फक्त ०.६. बाहेरून नळी सरळच दिसते, बारकावा सगळा आतून. जोडाशी उष्णता आणि ताण दोन्ही जास्त, म्हणून तिथे जाडी. मध्ये काम कमी, म्हणून तिथे वजन कमी. ही युक्ती मूळ इंग्रजांची, आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. पोलाद मात्र क्रोम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं. नळ्या नक्षीदार सांध्यांत बसवून पितळेचा किंवा चांदीचा डाक दिला जायचा. नखाने टिचकी मारली तर मधोमध नळी किणकिणते आणि सांध्याकडे गेलं की आवाज बसतो. बाजारात जुनी फ्रेम घेणारा माणूस टिचक्या मारताना दिसला तर त्याला वेडा समजू नका.

गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे अशी फ्रेम नेऊ मात्र नका. तो बिचारा ग्रिल जोडायच्या ज्योतीने ०.६ मिलिमीटरला भोक पाडून देईल.

बीटल्सच्या पायाखाली

मिलानमध्ये व्हिगोरेल्ली नावाचा लाकडी पट्ट्यांचा सायकल ट्रॅक आहे. महायुद्ध चालू असताना, ७ नोव्हेंबर १९४२ रोजी फाउस्तो कोप्पीने इथे तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा विक्रम केला. २४ जून १९६५ रोजी इथेच बीटल्स गायले. आणि याच ट्रॅकच्या बैठकांखाली फालिएरो माझीचं वर्कशॉप होतं. त्याला लोक शिंपी म्हणायचे, कारण माप घेऊन अंगाबरहुकूम सायकल बेतायचा. मोठमोठे रेसर त्याच्याकडून सायकल बनवून घ्यायचे आणि वर आपापल्या प्रायोजकाचं नाव रंगवायचे, हे त्या काळचं उघड गुपित.

माझीचा एक किस्सा त्याच्या सगळ्या फ्रेमांपेक्षा भारी आहे. १९५६ च्या जिरोत फिओरेन्झो मान्यी या रेसरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. डाव्या हाताने हँडल ओढवेना. तेव्हा त्याचा मेकॅनिक असलेल्या माझीने ट्यूबचा तुकडा कापून हँडलला बांधला आणि दुसरं टोक मान्यीच्या दातांत दिलं. तो दाताने हँडल ओढत डोंगर चढला आणि त्या जिरोत दुसरा आला! दंतवैद्यांच्या संघटनेने त्याचा फोटो लावायला हरकत नाही.

माझीची सायकल जगभर पोहोचली ती १९७९ च्या ‘ब्रेकिंग अवे’ या अमेरिकी सिनेमातून. इंडियानातल्या एका गावातला पोरगा इटालियन सायकलपटूंच्या नादाने ऑपेरा गायला लागतो, बाप डोकं धरून बसतो. तो पोरगा माझी चालवतो. मग खरोखरचे इटालियन येतात, आणि त्यांच्यातलाच एकजण त्याच्या चाकात हवा भरायचा पंप खुपसून त्याला पाडतो. उत्कृष्ट पटकथेचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं. १९९२ मध्ये आलेल्या ‘जो जीता वही सिकंदर’चं त्याच्याशी असलेलं साम्य अनेकांनी दाखवून दिलेलं आहे. म्हणजे आपल्या एका पिढीला सायकल शर्यतीचं वेड लागलं, त्यात मिलानच्या या शिंप्याचा लांबचा का होईना हात आहे.

राणीचे डोळे

एदोआर्दो ब्यांकीने १८८५ मध्ये मिलानच्या नीरोने गल्लीत दुकान काढलं. सायकली बनवणाऱ्या आजच्या कंपन्यांत ही सर्वांत जुनी. तिचा तो प्रसिद्ध रंग, ना धड निळा ना धड हिरवा, ‘चेलेस्ते’. तो कुठून आला? एक कथा सांगते, राणी मार्गेरिताच्या डोळ्यांवरून. ब्यांकीने तिला सायकल शिकवली होती. दुसरी सांगते, मिलानच्या आकाशावरून. तिसरी सांगते, लष्कराचा उरलासुरला रंग स्वस्तात मिळाला आणि पांढऱ्यात मिसळला म्हणून. मला तिसरी पटते. कारखानदार माणूस रंग निवडताना आधी दर विचारतो. पण जाहिरातीला राणीच बरी. तिच्याच नावाचा पिझ्झाही आहे, हे वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे हा रंग वर्षागणिक बदलत गेला. कधी हिरवट, कधी फिकट, कधी चकाकता. त्यामुळे जुनी ब्यांकी रंगवायला घेतलेल्या दोन शौकिनांना एका खोलीत ठेवू नये.

किलवर आणि बदाम

मिलान ते सान रेमो ही शर्यत १९५३ नंतर सतरा वर्षं एकाही इटालियनला जिंकता आली नव्हती. १९७० मध्ये मिकेले दांचेल्लीने ती जिंकली, एर्नेस्तो कोलनागोने बनवलेल्या सायकलीवर. ब्रुनो रास्की या पत्रकाराने सुचवलं आणि कोलनागोच्या सायकलींवर किलवरचा एक्का आला तो कायमचा. त्याच मुलखातला दुसरा कारागीर उगो दे रोझा, त्याच्या फ्रेमवर बदाम. पत्त्यांचा डाव पुरा व्हायला इस्पिक आणि चौकट तेवढे राहिले.

दोघांनीही एडी मर्क्स या रेसरसाठी सायकली बनवल्या. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत मर्क्सने तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं, ते कोलनागोने बनवलेल्या पावणेसहा किलोच्या पोलादी सायकलीवर. वजन घटवायला चेनच्या कड्यांनाही भोकं पाडलेली. आज रस्त्यावरच्या अधिकृत शर्यतीत सायकलीचं वजन ६.८ किलोपेक्षा कमी चालत नाही. कार्बन नसताना, संगणक नसताना, एका वर्कशॉपमधून निघालेली ती सायकल वजनकाट्यावर आज बाद ठरली असती. भोकं पाडायची साथ पुढे इतकी पसरली की ब्रेकचे दांडे, गिअरचे खटके, दातेरी चकत्या, काही म्हणता काही सुटलं नाही.

कोलनागोने १९७९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांना सोन्याचा मुलामा दिलेली सायकल भेट दिली. या सायकलीला मात्र भोकं पाडली नव्हती, असं समजायला हरकत नाही.

जर्सीवरचं स्वयंपाकघर

जुन्या सायकलीवर शोभेल अशी जुनी जर्सी घ्यायला गेलात तर भूक लागते. मर्क्सची ती गाजलेली केशरी जर्सी मोल्तेनीची, म्हणजे सलामी-सॉसेजवाल्यांची. त्याआधीची फाएमाची, म्हणजे कॉफी यंत्रांची. रॉजर दे व्ह्लामिंक या दुसऱ्या रेसरची ब्रुकलिनची, च्युइंगगमची. साल्व्हारानी आणि देल तोंगो हे स्वयंपाकघराचं फर्निचर बनवणारे, सामोन्ताना आइस्क्रीमवाले. ही सगळी उलाढाल सुरू केली ती आपल्या दातवाल्या मान्यीने. १९५४ पर्यंत संघांना पैसा सायकलवालेच पुरवायचे. त्याने निव्हेआला गाठलं आणि उन्हातान्हात रापलेले गडी चेहऱ्याच्या क्रीमचं नाव छातीवर मिरवू लागले.

आता हात काळे करू

किस्से झाले. पण या वेडाची खरी परीक्षा पान्याशी होते. इटालियन सायकल उघडायला बसलेला माणूस पहिल्यांदा ठेचकाळतो तो पॅडलच्या धुरीपाशी.

ही धुरी फ्रेममध्ये दोन वाट्यांत बसते. इंग्रजी पद्धतीत उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात, कारण पॅडल मारता मारता ती ढिली होऊ नये. इटालियनांनी दोन्हीकडे सुलटेच आटे ठेवले. त्यामुळे इंग्रजी सायकलींवर हात बसलेला मेकॅनिक इटालियन वाटी काढायला जातो आणि ताकद लावून लावून ती आणखी आवळतो! वर मापाचा घोळ आहेच: व्यास ३६ मिलिमीटर, आटे इंचाला २४. मीटर आणि इंच एकाच भोकात नांदतात. ही वाटी चुकीची बसवली तर फ्रेमचे आटे गेले, आणि आटे गेले की फ्रेमचा जीव गेला.

दुसरा सापळा हँडलचा. चिनेल्ली कंपनीच्या जुन्या हँडलचा मधला भाग २६.४ मिलिमीटर, इतर कित्येकांचा २६ किंवा २५.८. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण चुकीची जोडी बसवली तर उतारावर ब्रेक दाबताच हँडल खाली फिरतं. कॅलिपर नसेल तर आधी कॅलिपर घ्या, मग सायकल.

आणि तिसरा, सर्वांचा बाप: अडकलेली सीट. फ्रेम पोलादाची, सीटची नळी अ‍ॅल्युमिनियमची. दोन धातू, मध्ये घाम आणि पावसाचं पाणी. त्यातून अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी येते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि नळी आतच रुतून बसते. मग सुरू होतात नवससायास. गंज सोडवणारं तेल घालून दिवसचे दिवस थांबायचं. सायकल उलटी करून सीट व्हाइसमध्ये धरायची आणि फ्रेमच फिरवायची. काहीच चाललं नाही तर कॉस्टिक सोडा: तो अ‍ॅल्युमिनियम खातो, पोलादाला हात लावत नाही, पण रंग घालवतो, कातडी जाळतो आणि पेट घेणारा वायू सोडतो. घरात, बाल्कनीत, पोराबाळांसमोर हा प्रयोग करू नका. हे सगळं टाळायचा उपाय फुकट आहे. वर्षातून एकदा सीट काढा, बोटभर ग्रीस लावा, परत घाला.

क्रोमवरच्या गंजाला मात्र महागडं औषध लागत नाही. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून पाण्यात बुडवायची आणि घासायचं. काळा मळ निघतो, खालून आरसा. आपल्याकडे पावसाळ्यात फ्रेम आतून सडते, तिथे जुन्या कारागिरांचा उपाय जवसाच्या उकळलेल्या तेलाचा: नळीत ओतायचं, फ्रेम फिरवायची, उरलेलं निथळू द्यायचं. आत पातळ पापुद्रा धरतो. कोकणात राहणाऱ्याने हे आधी करावं आणि पॉलिश नंतर.

आपली सायकल कोणत्या साली जन्मली हे शोधण्याचा खेळ वेगळाच. काम्पान्योलोच्या मागच्या गिअरवर ‘पेटंट’ शब्दापुढे दोन आकडे कोरलेले असत: ७३, ७८, ८१. चाकाच्या धुरीवरच्या चाकीवरही तसेच आकडे. सगळे आकडे एकदोन वर्षांच्या आत जमले तर सायकल मूळ स्वरूपात आहे असं मानायला जागा आहे. गिअर ७४ चा, चाक ८३ चं आणि विकणारा म्हणतोय एकाच मालकाची, तर चहा पिऊन निघा.

टायर म्हणाल तर ते रिमला चक्क डिंकाने चिकटवायचे. ट्यूब टायरच्या आत शिवून बंद केलेली, त्यामुळे पंक्चर काढायला सुई-दोरा लागतो: शिवण उसवायची, ठिगळ लावायचं, पुन्हा शिवायचं. रस्त्यात हे कोण करणार? म्हणून जुने रेसर एक जादा टायर जानव्यासारखा खांद्यावरून टाकून निघायचे.

गुडघ्यांचंही सांगून ठेवतो. त्या काळच्या काम्पान्योलोच्या पुढच्या चकतीला ४१ पेक्षा कमी दाते बसतच नाहीत, बहुतेकांना ४२ असतात. मागे २४ किंवा फार तर २६. हे घेऊन सिंहगड चढायला निघालात, तर अर्ध्या वाटेवर लुइजी गान्नाचे शब्द आठवतील.

राहता राहिला रंगाचा वाद. जुनी फ्रेम पुन्हा रंगवून नवी करायची, की ओरखड्यांसकट ठेवायची? माझं मत पक्कं आहे: मूळ रंग निम्म्याहून जास्त शिल्लक असेल तर ब्रश खाली ठेवा. नवा रंग कधीही देता येतो, जुना एकदाच असतो.

देवळात टांगलेल्या सायकली

कोमो सरोवराजवळच्या टेकडीवर मादोन्ना देल गिझाल्लो नावाचं छोटं देऊळ आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी इथल्या माउलीला सायकलस्वारांची अधिकृत रक्षक ठरवलं. भिंतींवर विजेत्यांच्या जर्सी, वर टांगलेल्या त्यांच्या सायकली. शेजारी २००६ पासून संग्रहालयही आहे. नवसाला चांदीचे डोळे वाहतात तसं इथे सायकली वाहतात.

इथे सर्वांत जास्त बोललं जातं ते बार्ताली आणि कोप्पीबद्दल. बार्ताली महायुद्धात सरावाच्या नावाखाली फ्लॉरेन्स ते असीसी सायकल मारायचा, आणि फ्रेमच्या नळीत दडवलेली असायची ज्यू कुटुंबांना वाचवणारी बनावट कागदपत्रं. हयात असताना तो याबद्दल फारसा बोललाच नाही. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने २०१३ मध्ये त्याचा मरणोत्तर गौरव केला. कोप्पीने पाच वेळा जिरो आणि दोनदा टूर जिंकली. १९४६ च्या मिलान–सान रेमोत त्याने दुसऱ्याला चौदा मिनिटं मागे टाकलं, तेव्हा रेडिओवाल्याने दुसरा येईपर्यंत नाचाची गाणी लावली, असं सांगतात. आणि हा माणूस २ जानेवारी १९६० रोजी गेला तो मलेरियाने! आफ्रिकेतून आल्यावर ताप चढला आणि डॉक्टरांनी तो वेळेवर ओळखला नाही. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या डॉक्टरने आधी रक्त तपासलं असतं.

घ्यायचीच असेल तर

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. पोलाद हाताळलेल्या माणसांच्या नजरेने सायकल कशी बघायची, हे तिथे तासाभरात कळतं. तेवढं करून मगच बाजारात उतरा. परदेशात असाल तर आठवडी बाजारात आणि घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीत नजर ठेवा, तिथे अजून घबाड लागतं.

सायकल समोर आली की क्रम असा ठेवा. आधी सीटची नळी हलते का बघा. मग पुढच्या सांध्याखाली, तिरप्या नळीच्या पोटावरून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर सायकल समोरून धडकलेली आहे, ती घेऊ नका. मग पुढच्या चाकाचा चिमटा बाजूने बघा, मागे वाकलाय का. मग गिअरवरचे आकडे. रंग आणि स्टिकर अगदी शेवटी, कारण ते आजकाल कोणीही नवे छापून देतो. सीट हलत नसेल पण बाकी सगळं ठीक असेल, तर निम्मी किंमत सांगा आणि तोंड बंद ठेवा. विकणाऱ्याचंही ते गंज सोडवणारं तेल घालून झालेलं असतं.